वाळूत चांदी शोधणारा मेजर

नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीतून पुसले गेले आहेत. पण भीमेच्या वाळूत कानाला यंत्र लावून फिरणारा तो माणूस काही विसरता येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मंद्रूपच्या पुढे एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब बार्शीला ठेवलं होतं आणि मी क्वार्टरमध्ये एकटाच राहत होतो. दिवस कामात जायचा. संध्याकाळी ठाण्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचो. शेवटची एसटी गेली की रस्त्यावर बघायलाही काही उरत नसे.

हद्दीतल्या नदीकाठच्या एका गावातून ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. संध्याकाळची आरती उरकून पुजारी जेवायला घरी गेला, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला. माहितीतले गुन्हेगार आणून झाले, घरांच्या झडत्या झाल्या, सोलापुरातल्या सराफांकडेही चौकशी केली. हाती काही लागलं नाही. थंडी सरून ऊन तापू लागलं, तसा तपास मात्र थंड पडला.

अशात एका सकाळी त्या गावचा एक कलिंगडवाला ठाण्यात आला. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे घेऊन कलिंगडं लावायची, हा त्याचा धंदा. देवळाच्या पंचांमध्येही त्याची ऊठबस होती.

"सायेब, आमच्या गावात एक मेजर हाय," तो म्हणाला. "मिलिटरीतनं आलाय. रोज वाळूत यंत्र घिऊन हिंडतोय. मुखवटा त्येनंच पुरलाय बगा. आता जागा घावंना झालीया, म्हून हुडकतोय."

"पुरताना तुम्ही पाहिलं?"

"पुरताना न्हाय. पन चोरीच्या सांजंला नदीकडं जाताना बगितला की. ते यंत्र तेवडं जप्त करा सायेब. लई वंगाळ हाय ते."

स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदाराला गावात पाठवलं. दुपारी तो मेजरला आणि त्याच्या यंत्राला घेऊन आला. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला मेजरच म्हणतात. हा साधा शिपाई होता, सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला. पन्नाशीचा, उन्हानं काळा पडलेला, दाढी मात्र रोज केलेली. यंत्र म्हणजे लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर अडकवायची बॅटरीची पेटी आणि कानाला लावायचे हेडफोन. जमिनीतला सुरुंग शोधायचं ते जुनं लष्करी यंत्र त्यानं पुण्यात भंगारात घेतलं होतं आणि स्वतःच्या हातानं चालू केलं होतं. आमच्या जीपच्या हादऱ्यांनी वाटेत त्याची एक तार तुटली.

चौकशी सुरू केली. वाळूत काय शोधतोस? गप्प. यंत्र कशाला घेतलंस? गप्प. मुखवटा गेला त्या संध्याकाळी कुठं होतास?

"घरात."

"सोबत कोण होतं?"

"कुनी न्हाय."

"शेजाऱ्यापाजाऱ्यानं पाहिलं असेल."

"माज्याकडं कुनी येत न्हाय, साब."

हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "हाच आहे साहेब. दोन द्या, बोलेल." पण माझं मन घेईना. खोटं बोलणारा काहीतरी कहाणी तयार ठेवतो. हा काहीच सांगत नव्हता. त्याला अटक केली नाही, रोज चौकशीला हजर राहायची समज दिली. तो सकाळी पायी यायचा आणि बाकड्यावर बसून कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राकडं बघत राहायचा. आजारी जनावराकडं शेतकरी बघतो तसा.

असे काही दिवस गेल्यावर त्यानं आपण होऊन तोंड उघडलं. "साब, तार जोडू का?"

मी होकार दिला. समोरच्या चहावाल्याच्या शेगडीत त्यानं तार सांधायला डाख द्यायची कांडी तापवली. बॅटऱ्याही उतरल्या होत्या. कोर्टाच्या तारखेला मी सोलापूरला जाणार होतोच, येताना भवानी पेठेतल्या रेडिओच्या दुकानातून बॅटऱ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मागच्या लिंबाखाली तो पेटी उघडून बसला. मी शेजारी खुर्ची टाकली. काहीही विचारलं नाही. हात कामात गुंतले की माणसाची जीभ सैल होते, हे मी पूर्वीही पाहिलं होतं.

तारेचं टोक खरवडता खरवडता, मान वर न करता तो म्हणाला, "माजी बायकू ह्या नदीत गेली, साब."

तो सरहद्दीवर असताना नदीला पूर आला होता. पलीकडच्या गावाहून येताना नाव उलटली. बाकीच्यांची प्रेतं सापडली, हिचं सापडलं नाही. गावाहून तार मिळून तो घरी पोचला, तोवर पाणीही ओसरलं होतं. मूलबाळ नव्हतं. पुढं पेन्शन घेऊन तो त्या रिकाम्या घरात राहायला आला.

"पायात चांदीचे तोडे हुते तिच्या. लग्नात मीच घातलेले. पानी मानसाला नेतं, साब. चांदी जड आसती. ती हितंच कुटंतरी बसली आसंल."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "वाळूत चांदी हाय म्हनलं आसतं, तर सगळा गाव खोरं घिऊन आला आसता. कुनाला घावलं तर सोनाराकडं जानार, आटवनार. मग माज्याकडं काय राह्यलं?"

त्यानं पेटी मिटली, हेडफोन कानाला लावले आणि चकती माझ्या बुटाच्या नालेवर धरली. मान हलवली. यंत्र चालू झालं होतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी विचार केला. नदीत कुणी गुप्तधन शोधतंय म्हटल्यावर गावकरी त्याच्या मागं मागं फिरतात, त्याचं यंत्र बंद पाडायला ठाण्यात येत नाहीत. मग कलिंगडवाल्याला यंत्राचं एवढं भय कसलं? मेजरला विचारलं तेव्हा समजलं की आधीच्या उन्हाळ्यांत तो वरच्या अंगाला शोधायचा. यंदा खाली सरकत सरकत कलिंगडाच्या वाफ्यांजवळ पोचला होता.

यंत्रासह मेजरला आणि साक्षीला दोन पंच घेऊन आम्ही नदीवर गेलो. कलिंगडवाल्यालाही सोबत घेतलं. मी म्हणालो, "हा कुठं शोधत होता, ती जागा तुम्हीच दाखवा." त्यानं पार वरची जागा दाखवली. तिथं मेजरनं यंत्र फिरवलं, एक गंजलेला खिळा निघाला. मग मी म्हणालो, "आलोच आहोत, तर सगळंच पात्र बघून घेऊ."

"वेल तुडवतील की, सायेब! माल भरात हाय."

"दोन ओळींच्या मधून चालू."

इतका वेळ मागं रेंगाळणारा कलिंगडवाला आता पुढं गेला. एका वाफ्याच्या टोकाला उभा राहून बोलतच सुटला. भाव काय पडलाय, व्यापारी कसे लुटतात, सगळं. घाबरला की मधेच कानडीत शिरायचा. पण बोलताना जागचा हलेना. लपवणाऱ्या माणसाच्या दोनच तऱ्हा मी पाहिल्या आहेत. एक तर तो त्या जागेकडं बघतच नाही, नाहीतर तिच्यावरच पाय रोवून उभा राहतो.

मेजर चकती डावी-उजवी फिरवत त्याच्यासमोर येऊन थांबला. डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "जरा बाजूला व्हा की."

हवालदारानं कलिंगडवाल्याला हाताला धरून बाजूला केलं. वेलाखाली हातभर उकरल्यावर खताच्या पोत्यात गुंडाळलेला मुखवटा निघाला. कलिंगडासाठी घेतलेला खड्डा, कुणाला शंका येणार? पाऊस पडायच्या आत तो हैदराबादकडं नेऊन विकायचा बेत होता, हे त्यानं पुढं कबूल केलं. पंचनामा जागेवरच झाला, मुद्देमाल सीलबंद केला. यंत्र मी जप्त केलं नाही. मुखवटा पंचांदेखत माणसांच्या हातांनी उकरला होता, तेवढं कोर्टाला पुरणार होतं.

मुखवटा सीलबंद होण्याआधी पंच देवीला हात जोडत होते. मेजर मात्र बाजूला उभा होता. हेडफोन अजून कानावरच. मी जवळ गेलो तर म्हणाला, "साब, चांदीचा आवाज आज पयल्यांदा ऐकला. आता वळखंन मी."

त्याचे हेडफोन घेऊन मी मुखवट्यावर चकती धरली, मग माझ्या पट्ट्याच्या बकलवर. मला दोन्हीकडं सारखीच शिट्टी ऐकू आली. त्याला तसं सांगितलं नाही.

आरोपीला शिक्षा झाली. माझी बदली झाली, तेव्हा निघण्याआधी मी मुद्दाम त्या गावाला गेलो. मेजर वाळूतच होता. सावलीला कुठं झाडही नव्हतं. आम्ही दोघं नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात पाय सोडून बसलो.

"तोडे सापडले तर काय करशील?" मी विचारलं.

त्यानं मूठभर ओली वाळू पाण्यात सोडली. मग म्हणाला, "त्येचंच भ्या वाटतंय, साब. मग सकाळी उठून जायाचं कुटं?"

ते तोडे त्याला सापडले की नाही, मला पुढं कळलं नाही. पण त्या गुन्ह्यानं मला एक गोष्ट शिकवली. घरदार असलेल्या माणसाच्या बाजूनं दहा जण साक्ष देतात, खोटी लागली तर खोटीसुद्धा. एकट्या माणसाचं खरं बोलणंही संशयास्पद वाटतं, कारण त्याला दुजोरा द्यायला दुसरं कुणी नसतं. कागदावर तोच सगळ्यांत आधी गुन्हेगार दिसतो. पुढं जिथं जिथं ठाणेदार झालो, तिथं असा माणूस समोर आला की मी शिपायाला बाहेर पाठवायचो, चहा मागवायचो आणि तो आपण होऊन बोलेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचो.