लेकीचं नको, परकं चालेल

आमच्या आबांचा हट्ट पारोळ्याच्या किल्ल्याहून जुना. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं लिव्हर पार निकामी झालं, पोटात पाणी साठायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवू. भावाच्या लिव्हरला चरबी निघाली, तो बाद झाला. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मी खुशीत धुळ्याहून पारोळ्याला गेले, तर आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आंडेरनं कोनी लेस का?"

लेकीचं काही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नानंतर मला मूल होईपर्यंत आबा माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मुलगा झाला आणि मग मात्र रविवारी एसटीनं येऊन माझ्या हातच्या भरितावर ताव मारायला लागले. मी चिडून म्हटलं, "भरीत चालतं, मग लिव्हरला काय धाड भरली?" आईनं मलाच गप्प केलं.

मेंदूमृत माणसाचं लिव्हर मिळावं म्हणून आबांचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. आबा वाळत गेले, पोट तेवढं वाढत गेलं. शेवटी नाशिकच्या दवाखान्यातून फोन आला. साठी उलटलेली एक बाई मेंदूमृत झाली होती. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. लिव्हर वयस्क आहे, त्यात चरबीही आहे, कामाला लागायला वेळ घेईल, पुढे त्रासही देईल. पण आणखी थांबलात तर हेही हातचं जाईल, म्हणाले. आबांनी लगेच सही केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरीचं धडधाकट नको आणि परक्या बाईचं थकलेलं चालतं! "तीसुद्धा कुणाची तरी लेकच होती ना, आबा?" मी विचारलं. तिच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल, हे मनात आलं आणि मला माझ्या भांडणाचीच शरम वाटली.

आबा वाचले. पण डोळ्यांचा पिवळेपणा पुरता गेलाच नाही. परवा डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळ्या आकसत चालल्यात, कदाचित पुन्हा बदलावं लागेल. बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

परतताना गाडीत मी म्हटलं, "आता तरी माझं घ्या. ती रीत घाला चुलीत."

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रीतना ते बहाना व्हता वं. तुले ऑपरेशनना टेबलवर काही व्हयनं ते मी कसा जगू?"

मला रडूच कोसळलं. इतके दिवस मी रीतीशी भांडत होते, आणि ते मला जमत होतं. ह्याच्याशी कसं भांडायचं? डॉक्टर पुढच्या आठवड्यात उत्तर मागणार आहेत.