बटणाची जागा

माझी ताई माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, आधी खांदे बघते. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की त्याचं नाव तिला आठवत नाही, पण त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे हे पक्कं आठवतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे शोभतं म्हणा. तिच्या दुकानात दोन मशिनी आहेत. मोठीवर ती बसते, छोटीवर मी. काजं करणं, बटणं लावणं, तळपट्ट्या दुमडणं हे माझं काम. ताई शिवते आणि धाकटी बोलते, असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत. दिवसभर तोंड मिटून सुई कुणाला चालवता येते?

मी ताईच्याच घरी राहते, पण भावजींचं आणि माझं पहिल्यापासून फारसं जमलं नाही. ते एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. एखाद्या हॉलमध्ये समारंभ असला की यांचा बँड स्टेजवर, आणि रिकाम्या दिवशी हे घरी बिघडलेले स्पीकर उघडून बसलेले. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. ‘जेवण झालं का भावजी?’ विचारलं तर ‘हं’. आता हं म्हणजे झालं की व्हायचंय, हे आपण ओळखायचं. ताईनं या माणसाबरोबर एवढा संसार कसा केला, हा प्रश्न मला नेहमी पडायचा, आणि मी तो तिला विचारायचेसुद्धा. ती तोंडात टाचण्या धरून बसायची, म्हणजे उत्तर द्यायला नको.

त्या शनिवारी कार्यक्रमात भर गाण्यात भावजींची डावी बोटं बधिर झाली. गाण्यात त्यांनी एकट्यानं वाजवायची जागा होती, बाकी सगळे थांबले, आणि गिटारमधून काही आलंच नाही. ते मागे सरकून स्पीकरच्या खोक्यावर बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

सोमवारी बँडच्या मालकानं बोलावून घेतलं. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. बापाचा बँड आयता हाती आलेला, वयानं भावजींच्या निम्मा. तो म्हणाला, ‘काका, बसून वाजवायचं असेल तर समोर प्रेक्षकांच्या खुर्च्या आहेत, तिकडे बसा.’ दुसरा गिटारवाला त्यानं हेरूनही ठेवला होता. गुरुवारच्या सरावाला भावजींनी उभं राहून सगळी गाणी वाजवून दाखवायची, नाहीतर शनिवारपासून तो नवा मुलगा.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि सांगितलं की मणक्यापाशी नस दाबली जातेय, मानेचे व्यायाम करा, डाव्या खांद्यावर आणि हातावर ताण येऊ देऊ नका. भावजींनी गिटार पेटीत घातली, पेटी पलंगाखाली ढकलली आणि तोंडाला कुलूप लावलं. मोजकं बोलणारा माणूस मुळीच बोलेनासा झाला की घर कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. स्पीकरसुद्धा उघडेनात. नुसते भिंतीकडे बघत बसले. मला त्यांचा राग यायचा तो यायचाच, पण गिटार गेली तर हा माणूस उरणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

मंगळवारी सकाळी ताई म्हणाली, ‘अहो, ती पेटी घेऊन दुकानात चला.’

‘कशाला?’

‘चला तर.’

दुकानातल्या मोठ्या आरशासमोर तिनं त्यांना उभं केलं. पट्टा खांद्यावर, गिटार पोटावर. लाल रंगाची, तारांची लांब दांडी म्हणजे तिची मान, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाची दोन शिंगं काढलेली. ‘सरळ उभे राहा,’ ताई म्हणाली, ‘आणि दोन्ही हात सोडा.’

भावजींनी हात सोडले. गिटारची मान धाडकन खाली गेली, थेट गुडघ्यापर्यंत.

ताई बघतच राहिली. ‘म्हणजे एवढी वर्षं तुम्ही डाव्या हातानं हिला उचलून धरता, आणि त्याच हातानं वाजवता?’

‘या गिटारा अशाच असतात.’

‘असतील. पण बटण चुकीच्या जागी लावलंय.’

पट्टा अडकवायला गिटारला दोन बटणं असतात. एक बुडाशी, आणि एक वर. भावजींच्या गिटारचं वरचं बटण पाठीमागे होतं, मान जिथं अंगाला जोडतात तिथं. ताईनं पट्ट्याचं ते टोक सोडलं, जाड दोऱ्यानं वरच्या शिंगाच्या टोकाला बांधलं आणि म्हणाली, ‘आता सोडा हात.’ गिटारची मान जागच्या जागी राहिली. ताई कापडाला कात्री लावायच्या आधी कच्चे टाके घालून बघते, तसंच होतं हे. तिनं खडू घेतला आणि शिंगाच्या टोकावर खूण केली.

‘इथं भोक पाडायचं? तिथं लाकूड अंगठ्याएवढं आहे. चिरलं तर संपलं सगळं,’ भावजी म्हणाले. गेल्या दोन दिवसांत एवढं लांब वाक्य ते बोलले नव्हते.

‘न पाडून काय उरलंय?’ मी म्हटलं. ताईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

ड्रिल भावजींचंच होतं, पण ते शिंगाला टेकवायचा त्यांना धीर होईना. म्हणून ड्रिल ताईनं घेतलं. मी टेबलावर रजई पसरून गिटार दोन्ही हातांनी दाबून धरली, भावजी दाराकडे तोंड करून उभे राहिले. भुसा निघाला, पांढरट, पिठासारखा. भोक स्वच्छ पडलं. ताईनं जुन्या चामडी पिशवीचा रुंद पट्टा शिवला, खरखरीत बाजू आत ठेवून, म्हणजे खांद्यावरून घसरायला नको. संध्याकाळी भावजी आरशासमोर उभे राहिले ते एखाद्या साहेबासारखे, आणि गिटार अशी बसली होती की जणू त्यांच्या मापानंच घडवलीय. मी ताईची पाठ थोपटली. घाई केली.

बुधवारी सकाळी ते घरी उभ्यानं वाजवायला लागले. तिसऱ्या गाण्यानंतर मी पाहिलं, ते पाठमोरे होऊन डावा हात झटकतायत. मी दिसताच हात खिशात घातला. मी तडक दुकानात जाऊन ताईला सांगितलं.

ताईचा चेहरा उतरला. तिनं त्यांना परत आरशासमोर आणलं, परत म्हणाली, ‘सरळ उभे राहा.’ कुठं काही चूक सापडेना. पट्टा जागेवर, वजन जागेवर. ती त्यांच्याभोवती फिरत राहिली. उद्या गुरुवार होता. 

‘भावजी, वाजवा की जरा,’ मी म्हटलं.

त्यांनी दोन-चार तारा छेडल्या.

‘असं नाही. तिकडे स्टेजवर वाजवता तसं वाजवा.’

मग डोळे मिटून त्यांनी सुरू केलं. आणि आमच्या दुकानात दुसराच कुणी माणूस येऊन उभा राहिला. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, हनुवटी छातीवर, डावा खांदा वर चढून पुढे आलेला. सगळं अंग गिटारवर असं वाकलं होतं की जणू तिच्या कानात काही सांगतायत. आणि पट्टा सरकत सरकत नेमका त्यांच्या मानेच्या मुळाशी, नस दाबली जात होती तिथंच, रुतला होता.

‘असे उभे राहता तुम्ही?’ ताईनं विचारलं.

‘बघितलं असतंस कधी, तर कळलं असतं,’ भावजी म्हणाले.

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी तिथंच चार शब्द सुनावले असते. पण ते अगदी साध्या आवाजात बोलले, आणि ताई खाली बघायला लागली. खरं होतं ते. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या एकाही कार्यक्रमाला गेलेली नव्हती. समारंभाची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे झुंबड. कुणाची चेन तुटलेली, कुणी आठवड्यात फुगलेलं, कुणाला बाही आत्ताच्या आत्ता आखूड हवी. घरी भावजी पलंगाच्या काठावर बसून वाजवायचे, वायर न जोडता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तिला तेवढंच माहीत. आणि गिऱ्हाइकाला ‘सरळ उभे राहा’ म्हटलं की गिऱ्हाईक श्वास रोखून ताठ होतं, तसंच तिनं नवऱ्याचंही माप घेतलं होतं.

तिनं खडू उचलला. ‘वाजवत राहा. थांबू नका.’ ते वाकून वाजवत होते आणि ती त्यांच्या बाजूला वाकून बघत होती. मग, वाकल्यावर पट्टा मानेकडे सरकू नये म्हणून, शिंगाच्या टोकाऐवजी वरच्या कडेला, आधीच्या भोकापासून जेमतेम बोटभर मागे तिनं खूण केली.

‘दोन भोकं इतकी जवळ?’ भावजींचा आवाज चिरकला.

पहिलं भोक बुजवायला ताईनं त्यात गोंद घालून आगकाड्या ठोकल्या, आणि दुसरं पाडायला घेतलं. यावेळी भावजी दाराकडे वळले नाहीत, माझ्या शेजारीच उभे राहिले. ड्रिल आत गेलं आणि कट् असा आवाज आला. ताईनं हात मागे घेतला. लाल रंगावर केसाएवढी बारीक रेघ उठली होती, एका भोकापासून दुसऱ्याकडे जाणारी. आम्ही तिघंही त्या रेघेकडे बघत होतो. ती पुढे सरकली नाही. ताईनं त्या रेघेत बोटानं गोंद भरला, आणि हातानंच स्क्रू पिळायला घेतला, अर्धा अर्धा पीळ. प्रत्येक पिळानंतर ती थांबायची. गोंद वाळायला अख्खी रात्र हवी होती, म्हणून वाजवून बघायलाही वेळ उरला नाही.

गुरुवारी ताईनं दुकानाला कुलूप लावलं. ‘मी येतेय,’ एवढंच म्हणाली.

सरावाची खोली तळघरात होती, भिंतींना काळा फोम चिकटवलेला, जमिनीवर वायरींचा गुंता. ढोल-ड्रमवाला, गाणारी बाई, कॅप्टन. कोपऱ्यात तो नवा मुलगा स्वतःची गिटार मांडीवर घेऊन बसलेला. तोही बिचारा घाबरलेलाच होता. ताई आणि मी दाराजवळच्या बाकावर टेकलो.

पहिली गाणी नीट गेली. भावजी वाकून वाजवत होते, पट्टा मानेपासून दूर, आणि डावी बोटं पळत होती. मला हायसं वाटायला लागलं. ताईला नाही. तिची नजर बटणावरून हलेना. मीही तिकडे पाहिलं. स्क्रू कलला होता. ठेक्याबरोबर तो किंचित किंचित वर येत होता, आणि ती बारीक रेघ आता बारीक राहिली नव्हती. भावजींचे डोळे मिटलेले. त्यांची एकट्याची जागा अजून यायची होती. आता थांबले तरी गेलं, आणि गिटार निसटली तरी गेलं. मी ताईचा हात धरायला गेले, तर ती जागेवर नव्हती.

ती वायरींतून पाय टाकत सरळ त्यांच्यापाशी गेली. त्यांच्या डाव्या बाजूला मागे उभी राहिली, खांद्यावरून हात पुढे घातला आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. भावजी दचकले. डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बोटं मात्र थांबली नाहीत. त्यांची जागा आली, आणि ते तिच्या हाताखाली वाकून वाजवू लागले. गाणारी बाई माइक खाली करून ऐकत होती. मी रडत होते, का ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

गाणं संपलं. कॅप्टन म्हणाला, ‘हे काय चाललंय?’

‘स्क्रू सैल झालाय,’ ताई म्हणाली. हात तसाच. ‘तो माझा दोष, मी बसवलाय. यांचा हात चालतो की नाही, तेवढं सांगा.’

कॅप्टननं विचारलं, ‘काका, बोटं?’

भावजींनी डावा पंजा उघडला, मिटला. ‘चालतायत.’

ड्रमवाला म्हातारा होता, कॅप्टनच्या बापाच्या काळातला. तो म्हणाला, ‘ही जागा इतकी स्वच्छ वाजलेली मी कैक महिन्यांत ऐकली नव्हती.’

कॅप्टननं एकदा कोपऱ्यातल्या मुलाकडे पाहिलं, एकदा भावजींकडे. ‘पुढचं घ्या,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’ मी बाकावरून ओरडले. मला अर्धवट बोलणं सहन होत नाही.

‘म्हणजे शनिवारी काकाच. पण तो स्क्रू पक्का करून आणा. काकू स्टेजवर मावायच्या नाहीत.’

सगळे हसले. ताई हात काढायला लागली, तर भावजी हळूच म्हणाले, ‘राहू दे. पडेल.’ मग पुढचं सगळं गाणं ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा, पण ती ऐकत नव्हती, अंगठ्याकडे बघत होती.

परत येताना भावजी गिटार घेऊन पुढे चालले होते, आम्ही दोघी मागे. ताई सारखी तो अंगठा चोळत होती. मी विचारलं, ‘दुखतोय का गं?’

‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘ते लाकूड आतून थरथरतं. इथून पार कोपरापर्यंत येतं. हे एवढी वर्षं ती थरथर पोटाशी धरून वाजवायचे, तीच अंगात घेऊन घरी यायचे, आणि मी दार उघडून विचारायचे, वाढू का.’