माधुरीताईंची मोठी अक्षरं

माधुरीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. आजारपण लांबलेलं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. पण पोहे तसेच राहिले... माझ्या या थोरल्या नणंदेला जाऊन आता महिना उलटला. आठवण येते ती हसवणारीच येते.

आमचं लग्न ठरलं तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते. ताई नोकरी सांभाळून वेबसाइट बनवायच्या क्लासला जायच्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी त्यांनी लग्नाची पत्रिका नेटवर टाकली. छापील पत्रिका दोन्हीकडच्या वेगळ्या. जो तो आपली माणसं ठळक छापतो. नेटवर मात्र पान एकच! त्यात कर्वेनगरची सासरची मंडळी टपोऱ्या अक्षरांत आणि शनिवार पेठेतले आम्ही खाली बारीक. माझा मामा ते पाहून आला तो तणतणतच.

"आमची नावं काय भिंगातून वाचायची?"

त्याने सासऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, पान आमच्या मुलीने केलंय. एक अक्षर लहान होणार नाही." लग्न आठवड्यावर आलेलं. बाबा फोनपाशी, आई देवापुढे, आणि मी... मला वाटलं, मोडतंय हे.

दुसऱ्या दिवशी ताई स्कूटरवरून आल्या आणि मला कॅफेत घेऊन गेल्या. पान बनवताना नावाआधी कोनी कंसात फॉण्ट साइझ, म्हणजे अक्षराचा आकार, असं लिहून पुढे आकडा टाकायचा. एक म्हणजे अगदी बारीक, सात म्हणजे सगळ्यात मोठं. त्यांनी त्या पानाची नक्कल केली आणि आकडे उलटे केले. आमचे सगळे सातवर, त्यांचे स्वतःचे बाबा दोनवर.

"पत्रिका दोन, तर पानंही दोन. मामांना या नव्या पानाचा पत्ता दे. आमच्याकडे जुनाच चालू दे."

"आणि कळलं तर?"

"दुसऱ्याची पत्रिका कोण वाचतं गं?"

खरंच कोणी वाचली नाही. लग्नात मामा सासऱ्यांच्या शेजारी बसून जिलेबी हाणत होता. ही बाई असलेल्या घरात आपलं बरं चालेल, असं मला वाटलं, आणि चाललंही.

त्या दिवशी कॅफेतून निघताना मात्र ताई पुन्हा खुर्चीवर बसल्या होत्या. "अगं, या सगळ्या मोठ्या माणसांत तुम्ही दोघं कुठे आहात?" दोन्ही पानांवर आमची नावं मधेच कुठेतरी, तीनच्या आकारात होती. त्यांनी तिसरं पान केलं, फक्त आमच्या दोघांचं, आणि छापून माझ्या हातात दिलं.

तो कागद माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. शाई उडालीय. परवा साडी काढायला दार उघडलं, तेव्हा चष्मा बाहेर टेबलावर राहिला होता... तरी वाचता आलं.