मिठाची पुडी

आमच्या गावातल्या अन्नपेढीत दर महिन्याला गरजूंना शिधा वाटतात, तिथे मी मदतीला जाते. परवा एका बाईला तांदूळ दिले, डाळ दिली आणि मिठाची पुडी पुढे केली, तर तिने हातच मागे घेतला.

"मावशी, मीठ हातात नका देऊ, भांडण होतं. खाली ठेवा."

माझ्या शेजारी वाटायला बसलेल्या नलूताई हसल्या, "अगं, आपली ओळख ना पाळख, भांडायचं कशावरून?"

"तुमच्याशी भांडून कसं चालेल? पुढच्या महिन्यात यायचंय मला," असं म्हणत तिने टेबलावर ठेवलेली पुडी उचलली आणि गेली.

तेव्हापासून मनाला चैन नाही बघा. वाण्याने किडकी डाळ दिली, तर मी दुकानात जाऊन त्याच्याशी वाद घालते. मागे आमच्या पेढीतली डाळ किडकी निघाली, तेव्हा एकीनेही चकार शब्द काढला नव्हता. आम्हाला वाटलं, किती समाधानी माणसं.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनेने मिठासाठी हात पुढे केला. मी सरळ तिच्या तळव्यावर ठेवलं. मग आमटी खारट कुणामुळे झाली यावरून आम्ही दोघी जेवता जेवता मनसोक्त भांडलो.