शंभर गुणांचा तक्ता

मी कट्टा गावाच्या बाजूचा, शेतकऱ्याच्या घरातला. साठ सालाच्या पुढेमागे माझी बदली देवबागेच्या वाटेवरच्या एका शाळेत झाली, तेव्हा मासळीबद्दलचं माझं ज्ञान ताटापुरतं होतं. आमच्या अंगणात डोक्यावर पाटी घेऊन बायका यायच्या, आई त्यांना शेरभर भात मापून द्यायची आणि बांगडे घ्यायची. त्या कुठून चालत येतात, कधी निघतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. मास्तर होऊन त्यांच्याच गावात गेलो, तरी बरेच दिवस विचारलं नाही.

मात्र गुण देण्याच्या बाबतीत मी स्वतःला कुणी मोठा समजत असे. अर्ध्या गुणासाठी पेपर तीनदा तपासायचा आणि एकदा लावलेला निकाल बदलायचा नाही, मग पोराचा बाप दारात येऊन उभा राहो की सरपंच. हा माझा ताठा गावाला आवडायचा. म्हणूनच मच्छीमार सोसायटीचे चेअरमन एका सकाळी शाळेत आले.

सोसायटीकडे सरकारी पत्र आलं होतं. गावातल्या एका धंद्याला कर्ज मिळणार होतं, एकालाच. अर्ज आले होते तीन. एका तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याला, आपल्या होडीला इंजिन बसवायचं होतं. दोघा भावांना नायलॉनची जाळी घ्यायची होती. तिसरा अर्ज एका मासे विकणाऱ्या बाईचा होता. तिला मासळी खारवायला सिमेंटच्या टाक्या आणि सुकवायला ओटा बांधायचा होता. निवड गुणवत्तेवर करा आणि कारणं लेखी कळवा, असं पत्रात बजावलं होतं.

चेअरमननी आधी आपल्या परीनं प्रयत्न केला होता. सात पंचांना बसवून प्रत्येकाला प्रत्येक अर्जाला दहापैकी गुण द्यायला सांगितले होते. सातही जणांनी तिन्ही अर्जांना दहापैकी दहा दिले. मी हसलो तर चेअरमन गंभीरपणे म्हणाले, "तोंडार माणसाक सहा कशे देवचे, मास्तरांनू? उद्या तेच्याच बरोबर जाळ्याचो दोर वढूचो आसा." मग म्हणाले, "तुमका पेपर तपासूची सवय आसा. हे पण तपासा."

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. दोन संध्याकाळी बसून मी शंभर गुणांचा तक्ता केला. पाच रकाने, प्रत्येकी वीस गुण. धंद्याचा अनुभव, कामाला असलेली माणसं, स्वतःचं भांडवल, परतफेडीची खात्री आणि गावाचा फायदा. माणसांच्या रकान्यात माणशी पाच गुण, चाराच्या वर माणसं असली तरी वीसच. खाली मी ठळक अक्षरात एक नियम लिहिला: खोटी माहिती आढळल्यास त्या रकान्यात शून्य. कॉपी करणाऱ्या पोराला मी तेच करत असे.

इंजिनवाल्याचा अर्ज तपासला. माणूस कष्टाळू, होडी चांगली, सगळं रीतसर. अडुसष्ट गुण झाले. जाळीवाल्यांना चोपन्न. मग बाईचा अर्ज उघडला आणि अक्षर बघूनच ओळखलं. ते माझ्या सातवीतल्या मुलीचं होतं, त्या बाईच्याच लेकीचं.

ही पोरगी शाळेत माझा अभिमान होती. तोंडी हिशोबात तिचा हात धरणारं त्या वर्गात कुणी नव्हतं. सातवीची परीक्षा झाली की ट्रेनिंगला जाऊन ती मास्तरीण होईल, असं मी तिच्या आईला मागेच सांगून ठेवलं होतं. आईनं तेव्हा तोंडाला पदर लावला होता. तिचे गुडघे गेले होते. ताजी मासळी त्याच दिवशी विकावी लागते, त्यासाठी पाटी घेऊन लांबचे बाजार गाठावे लागतात, आणि तिला आता ते होत नव्हतं. टाक्या झाल्या तर मासळी मिठात राहील, आठवड्यातून एकदा व्यापारी येऊन घेऊन जाईल, पोरगी शाळेत राहील. नाही तर पाटी पोरीच्या डोक्यावर. हे तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अर्जात अनुभव चांगला होता. गावाचा फायदा तर मी वीसपैकी अठरा दिला, कारण टाक्या साऱ्या वाडीच्या बायकांना वापरता येणार होत्या. चार रकान्यांचे सत्तावन्न झाले. मग कामाच्या माणसांपाशी आलो. चार नावं होती. बाई स्वतः, तिची जाऊ, तिची नणंद आणि चौथा तिचा नवरा.

तो नवरा तीन वर्षांपूर्वी दर्यात गेला होता. शाळेच्या पटावर मुलीच्या नावापुढे 'वडील मयत' असं लिहिलेलं होतं. आणि त्याच मुलीनं, माझ्या हाताखाली शुद्धलेखन गिरवलेल्या मुलीनं, वळणदार अक्षरात बापाला कामावर लावलं होतं. माझं डोकं फिरलं. कर्ज मिळावं म्हणून मेलेला माणूस! वर मनात आलं की ही माझी विद्यार्थिनी आहे म्हणून मी डोळेझाक केली, असं उद्या कुणी म्हणायला नको. लाल शाईनं मी ते नाव खोडलं आणि त्या रकान्यात शून्य घातलं. एकूण सत्तावन्न. इंजिनचा पहिला नंबर आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, निकालाची कुणकुण लागून, मायलेकी आल्या. बाई दारातच थांबली. "मास्तरांनू, माझो अर्ज खंय कमी पडलो?"

मी तक्ता उघडून वाचून दाखवला. शून्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "मयत माणसाचं नाव घातलंत तुम्ही. ही सरकारची फसवणूक आहे."

तिला राग आला नाही. तिला कळलंच नाही. "रापणीत तेचो वाटो अजून पडता," ती म्हणाली. "मगे तेका माणसांत कित्याक मोजूचो नाय?"

मेलेल्या माणसाला जाळ्यातल्या मासळीचा वाटा कसला? मला ते उत्तर निगरगट्टपणाचं वाटलं. तेवढ्यात मुलगी तक्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "गुरुजी, आई, काकी आणि आत्या तर आहेत. तिघींचे पंधरा धरले तर बहात्तर होतात."

बेरीज बरोबर होती. तिची बेरीज नेहमीच बरोबर असायची. मी म्हणालो, "खोटं लिहिलं की शून्य. नियम म्हणजे नियम."

"बरा," बाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवत पायरी उतरली. मुलीनं जाताना मला नमस्कार केला, रोज करायची तसाच.

तक्ता चेअरमनच्या सहीसाठी शाळेतच पडून होता. ते आजोळी लग्नाला गेले होते, आठ दिवसांनी येणार होते. त्यातल्या चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी वाळूत फिरायला गेलो तर रापण ओढून झाली होती. आमच्या बाजूच्या वाचकांसाठी सांगतो, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते सगळ्या वाडीच्या मालकीचं असतं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीनं मिळून ओढायचे. आलेल्या मासळीचे वाळूवर सारखे ढीग घालतात आणि प्रत्येकाचं नाव पुकारून वाटा देतात.

एक म्हातारा तांडेल नावं पुकारत होता. नाव घेतलं की माणूस "ओ" म्हणून पुढे होई आणि आपला ढीग पाटीत भरी. आठदहा नावं झाली. मग त्यानं मोठ्यानं एक नाव घेतलं. मी दचकलो, कारण ते नाव मी लाल शाईनं खोडलेलं होतं.

"ओ," बाई म्हणाली आणि पुढे झाली.

कुणीही मान वर करून बघितलं नाही. त्या मासळीसाठी दोर ओढायला तो नव्हता, पण ढीग इतरांच्या एवढाच होता. मी म्हाताऱ्याजवळ जाऊन विचारलं, तर त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पोरगी मोठी होईसर तेचो वाटो चलतलो," तो म्हणाला. "दर्यान नेलो म्हणून काय झाला? माणूस आमचोच मा?"

म्हणजे बाईनं खोटं लिहिलं नव्हतं. वाडी ज्याला मोजत होती, त्यालाच तिनं मोजलं होतं. अर्जात 'कामाला असलेली माणसं' असं विचारलं होतं आणि त्यांनी आपल्या हिशोबानं खरं उत्तर दिलं होतं. आणि तो हिशोब सोडून माझ्या हिशोबानं गेलं, तरी तीन जिवंत बायका मी पुसून टाकल्या होत्या. एका चुकीच्या नावासाठी तीन बरोबर नावांचे गुण कापायचे, हे मी वर्गातसुद्धा कधी केलं नसतं.

माझ्या हातात चार दिवस होते. तक्ता माझ्याच टेबलाच्या खणात होता. लाल शाईची दौत त्याच्या शेजारी होती. मी रोज खण उघडायचो. पण दोघींसमोर वाचून दाखवलेला निकाल मागे घ्यायचा, एका मासे विकणाऱ्या बाईला जाऊन सांगायचं की मास्तर चुकला, हे माझ्याच्यानं झालं नाही. दुसरं काही कारण नव्हतं. खूप वर्षं मी स्वतःला इतर कारणं सांगितली. शिस्त, निःपक्षपातीपणा, इंजिनवाल्यावर अन्याय होईल, असली. ती सगळी खोटी होती. आठव्या दिवशी चेअरमन आले आणि माझी पाठ थोपटून त्यांनी सही केली.

इंजिनवाल्यानं कर्जाचं चीज केलं, त्याला मी बोल लावणार नाही. पण त्या हिवाळ्यात तारले मासे असे लोटले की रापणीला, होडीला, सगळ्यांनाच मिळाले. इतके, की घ्यायला माणूस मिळेना. खारवायला टाक्या नव्हत्या. दोन दिवसांत वाळूवर वास सुटला आणि मग बायकांनी पाट्या भरभरून तारले माडांच्या मुळात खत म्हणून पुरले. मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. बाई बसूनच खड्डा उकरत होती, कारण तिला वाकता येत नव्हतं.

पौषात मुलगी शाळेत यायची बंद झाली. मी निरोप पाठवला नाही. कुठल्या तोंडानं पाठवणार? शिमग्याला घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या शाळेतला चेडू इल्ला डोक्यार बांगड्यांची पाटी घेवन. हिसाब कसो तोंडान करता! मी शेरभर भात जास्तीचो देवक लागलंय, तर घेवक तयार नाय." मी त्या दिवशी जेवलो नाही. आईला वाटलं, पोट बिघडलं असेल.

नियमाप्रमाणे सलग गैरहजर मुलाचं नाव काही दिवसांनी पटावरून कमी करायचं असतं. मी केलं नाही. रोज हजेरी घेताना तिचं नाव घ्यायचो, क्षणभर थांबायचो आणि पुढे जायचो. असं आठवडाभर चाललं असेल. एका सकाळी मी नाव घेतलं आणि तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "ओ."

मी मान वर केली. वर्गात कुणीही हसलं नाही. ती सगळी रापणीच्या घरांतली मुलं होती. नाव घेतलं की कुणीतरी ओ द्यायची असते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी तिच्या नावापुढे हजर अशी खूण केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग रोजच केली. ज्या माणसानं मेलेल्याचं नाव लिहिलं म्हणून शून्य दिलं होतं, तो माणूस रोज सकाळी अकरा वाजता हे करत होता.

चैत्रात शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. पट मोजला, डोकी मोजली, एक कमी भरलं. त्यांनी हजेरीपुस्तक हातात घेऊन स्वतः नावं वाचली. तिच्या नावाला शेजारणीनं ओ दिली आणि साहेबांनी तिला विचारलं, "ही तूच का?" ती म्हणाली, "नाय. तिच्यासाठी."

साहेब माझ्याकडे वळले. मुलगी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कट्ट्याच्या बाजारात, मी म्हणालो. मग ही हजेरी कसली? मी त्यांना रापणीचं सांगू शकलो असतो. पण बाईनं मला सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी लाल शाई मागितली. मी खणातली दौत काढून दिली. 'खोटी नोंद', असं त्यांनी लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. मग त्यांनी तिचं नाव मोठ्यानं वाचून स्वतःच्या हातानं त्यावर आडवी रेघ मारली, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी, नाव पुकारलेलं ऐकून, पुन्हा एकदा "ओ" म्हटलं.