घरचं कुलूप, सरकारी दार

अख्ख्या रायपुरात सरकारी इमारतीला स्वतःच्या घरचं कुलूप लावणारी बाई एकच झाली, आणि ती माझ्या नशिबी आली. आम्ही नवरा-बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे लाखोरीची भाजी निवडणं. संध्याकाळची वेळ, अंगणात चटई, मधे सूप. निवडत होतो मीच. ती एक देठ तोडायची, उठायची, दारात जाऊन गल्लीच्या टोकाकडं पाहायची, परत येऊन बसायची. सगळ्या संसारात ही बाई चहाचा एक कप संपेपर्यंत एका जागी बसलेली मी पाहिली नाही. एक वेळ सोडून. ते पुढं सांगतो. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “का जी, कुलूप अडून राहिलं. उद्या सकाळी दोन थेंब तेल घालून देजा.” मी म्हणालो, “तुझं कुलूप, तू पाय.” लोकांचं शेवटचं बोलणं म्हणे गोड असते. आमचं कुलपावर संपलं.

कुलूप होतं छोट्या लाईनच्या जुन्या स्टेशनाला. छोटी लाईन म्हणजे अभनपुराकडं जाणारी बुटकी गाडी. चालत्या गाडीतून उतरून माणूस आडोशाला जाऊन यायचा आणि परत त्याच डब्यात चढायचा, अशी तिची चाल. स्टेशन मात्र इंग्रजांच्या वेळचं, थाटाचं. लाल कौलं, सागवानी दारं, आणि तिकिटाची खिडकी इतकी खाली की लाटसाहेबालाही वाकावं लागावं. मी तिथं अठ्ठावीस वर्षं काटेवाला होतो. गाडी कोणत्या रुळावर जाईल ते माझा हात ठरवायचा. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहराला घाई सुटली. पुढं लाईन बंद झाली, रूळ उखडले, त्या जागी रस्ता आला. इमारत तेवढी उरली, कारण ती कुणाची हे ठरेना. लाईनवाले म्हणत, शहरवाल्यांना दिली. शहरवाले म्हणत, कागद आला नाही. रस्तेवाले म्हणत, तुम्हा दोघांचं ठरलं की कळवा. तोवर बाकं गेली, खिडक्यांचे गज गेले, भिंतीवरचं घड्याळ गेलं. फलाटावर बकऱ्या, वेटिंग रूममध्ये पत्ते. मी तिकडं फिरकत नव्हतो. मेलेल्याचं तोंड किती वेळा पाहायचं? ती रोज जायची.

एक दिवस तिनं पाहिलं, वेटिंग रूमचं दार सायकल रिक्शावर आडवं पडून चाललं आहे. दुसरी बाई ओरडली असती. ही रिक्शाच्या मागं चालू लागली. पार ब्राह्मणपाऱ्यापर्यंत, भर उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, मयतीला चालावं तशी. तो गडी वळून वळून पाहायचा, ही मान खाली घालून चालायची. शेवटी घाबरून त्यानंच विचारलं, “काय चाही दाई?” इकडं आईला दाई म्हणतात. ही म्हणाली, “कुछ नहीं बेटा, दरवाजा किधर जाता है, वही देख रही.” त्यानं रिक्शा वळवली. दार परत आलं, त्याच्याच हातानं बिजागऱ्यांवर बसलं, आणि जाताना तो तिच्या पाया पडून गेला. त्याच संध्याकाळी तिनं आमच्या घराचं कुलूप काढून तिकडं लावलं. पितळी, जड कुलूप, माझ्या सासऱ्यानं दिलेलं. चावी दोनदा फिरवावी लागते, पहिल्यांदा ते नाही म्हणते. त्या दिवसापासून आमच्या घराला सुतळी. लग्नाकार्याला वर्धेला जायचं झालं की ही आधी स्टेशनाचं कुलूप ओढून पाहून येई, मग घराच्या कडीला सुतळीची गाठ मारी. मी कुरकुरलो की म्हणे, “घरात नेण्यासारखं आहे काय? तुम्ही आहा, तं तुम्ही सोबत चालले.”

आता खरी गंमत ऐका. कुलूप लागल्यावर लाईनवाल्यांचा बाबू आला. दारावर कुलूप पाहून त्याला वाटलं, शहरवाल्यांनी ताबा घेतला. त्यानं तसं लिहिलं. शहरवाल्यांचा आला, त्याला वाटलं लाईनवाल्यांनी दिला नाही. रस्तेवाल्यांना वाटलं, प्रकरण कोर्टात असेल. तिघंही एकमेकांच्या कुलपाला भिऊन मागं हटले, आणि कौलं उतरवायला कुणाची छाती झाली नाही. इमारतीकडं पाहायलाही कुणी आलं नाही, ते वेगळं. भिंतीतून पिंपळ निघाला तो हिनंच उपटला, फुटक्या कौलांखाली बादली हिनंच ठेवली. दुपारी बाबू लोक जेवून सुस्तावले की ही कुलूप उघडून झाडून यायची. एकदा एका साहेबानं झाडूसकट धरलं. “अम्मा, तुम कौन?” “झाडूवाली.” “किस विभाग की?” “जिसका ताला है, उसी की.” साहेबाचं समाधान झालं. आपल्याहून वरचं कोणी तरी साफसफाई ठेवून राहिलं, असं समजून बिचारा चप्पल बाहेर काढून आत डोकावला म्हणे.

तेवढ्यानं पायांची खाज गेली नाही. कौलं बदलून मागायला ही नव्या रायपुरात मंत्रालयात निघाली. डब्यात चार पोळ्या अन् मिरचीचा ठेचा. बस मिळायला अर्धा दिवस, मोठमोठे रस्ते, सावलीला झाड नाही. तिथं चार खिडक्या फिरवून एकानं सांगितलं, “अम्मा, पहले पता तो चले कि ताला किसका है.” घरी आली तेव्हा पाय सुजलेले, अन् ही पोट धरून हसत होती. हसणं थांबल्यावर म्हणाली, “इतके मोठे रस्ते, माणूस दिसत नाही. मले त तेच बंद स्टेशन वाटलं.”

या सगळ्यापासून तिनं मला कटाक्षानं दूर ठेवलं. कारण माझं तोंड. तिच्या भाषेत, बिना फाटकाचं क्रॉसिंग. मी नोकरीत असताना एकदा काटा अर्धवट राहिला आणि मालाचा डबा घसरला. सगळ्यांनी पढवलं, सांग की स्प्रिंग कच्ची होती. चौकशीत साहेबांनी विचारलं, मी म्हणालो, झोप लागली होती. बढती गेली ती गेलीच. पोराच्या सोयरिकीला गेलो, पोरीच्या बापानं सहज विचारलं, मुलगा कसा आहे. मी म्हणालो, आहे चांगला, पण नऊच्या आधी उठत नाही. लग्न जमलं ते हिच्यामुळं. खोटं माझ्या जिभेवर बसतच नाही, अन् त्याची मला घमेंडही होती.

तर ती जी एक वेळ. आमचं लग्न झालं, वर्धेहून मोठ्या गाडीनं रायपुरात उतरलो, आणि मी थेट ड्यूटीवर. रजा संपली होती. हिला याच वेटिंग रूममध्ये पत्र्याच्या पेटीवर बसवलं, म्हणालो, दोन गाड्या काढतो अन् येतो. छोट्या लाईनच्या दोन गाड्या म्हणजे काय ते नव्या नवरीला काय माहीत? दुपार गेली, ऊन उतरलं. मी आलो तेव्हा ही तशीच, त्याच पेटीवर, मुंडावळ्यांचा दोरा बोटाला गुंडाळत. पुढं कधी मी विचारलं, काहून मरतं वो त्या स्टेशनासाठी, तर म्हणे, “मी रायपुरात पहिले तिथं बसली. तुमच्या घरात मंग आली.” ज्यानं बसवलं त्यानं कधी चुकलं म्हटलं नाही, हे ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

मग दारावर कागद चिकटला. ज्या खात्याचं कुलूप असेल त्यानं अमक्या दिवशी सांगावं. कुणाचंच नसेल तर तोडून इमारत पाडण्यात येईल, गाड्या उभ्या करायला जागा होईल. ती तो सोलून घरी घेऊन आली, मीच तिला वाचून दाखवला. मधे पंधरा दिवस होते. त्याच संध्याकाळी भाजी निवडताना तेलाचं झाल्यावर ती म्हणाली, “साहेब लोक येतीन त मी बोलीन. तुम्ही तिकडं येऊ नोका.” मी म्हणालो, “मले विचारलं त मी खरंच सांगीन.” “माहीत आहे ना मले,” ती म्हणाली, आणि उठून परत दारात गेली.

सकाळी ती उठली नाही. रात्री केव्हा गेली कळलंही नाही. गेली तीही न सांगता, घाईत.

पाहुणे आले, दहावं झालं, तेरवी झाली. मला घरात बसवेना आणि बाहेर करमेना. मी तिच्यासारखाच, एक देठ तोडून उठावं तसा उठायचो, दारात जायचो, परत यायचो. तिच्या लुगड्याच्या पदराला गाठ होती, गाठीत चावी. पोरगा म्हणाला, “बाबा, अब वो ताला निकाल लाओ. घर को लगा देंगे, और आप हमारे साथ चलो.” त्याचं चुकलं नव्हतं. कुलूप माझ्या सासऱ्याचं, घर माझं, अन् कागदावरचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोहरीच्या तेलाची शिशी घेतली, चावी गमछ्याच्या टोकाला बांधली, आणि लाईन बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्या फलाटावर चढलो. शहरवाल्यांचे साहेब माझ्याआधी पोचले होते. सोबत एक बाबू, एक घणवाला. साहेब माणूस वाईट नव्हता, उन्हानं कावला होता.

“बाबा, इधर के ही हो? ये ताला किसका है, मालूम है?”

घणवाल्यानं घण खाली टेकवला. मी कुलपाकडं पाहिलं. कोणी रोज हात लावावा तसं एका बाजूनं चकचकीत झालं होतं.

“आप ही का है साहब,” मी म्हणालो.

“हमारा?”

“अट्ठाईस साल काटेवाला था मैं इधर. लाइन बंद हुई, उसी दिन आपके बड़े साहब ने मेरे सामने लगाया.”

“और चाबी?”

“दफ्तर में होगी. ढूँढो.”

साहेबानं बाबूकडं पाहिलं, बाबूनं आभाळाकडं. मग साहेब म्हणाला, “लिखो, ताला अपना है, चाबी खोजी जाए.” बाबूनं लिहिलं. मला सही मागितली, मी केली. ते गेले, घणही गेला.

मग मी कुलपात तेल सोडलं. दोन थेंब. चावी फिरवली, ते नाही म्हणालं. दुसऱ्यांदा फिरवली, उघडलं. आत पंधरा दिवसांची धूळ होती, कोपऱ्यात तिचा झाडू. आधी झाडून काढलं. पेटी जिथं ठेवली होती ती जागा अजून ध्यानात होती. तिथं भुईवर बसलो. छोट्या लाईनच्या दोन गाड्या निघायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ, मधे एकदाही न उठता.