वाटाड्याचा धडा

नॉटिंगहॅमच्या त्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली, ती इतिहासाच्या एक बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या म्हणून. साठच्या दशकाची अखेर होती. माझे यजमान तिथल्या हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतले डॉक्टर होते. रत्नागिरीच्या शाळेत सहा वर्षं इतिहास शिकवून आलेली मी, दोन वर्षं घरात बसून खिडकीबाहेरची तीच ती विटांची घरं बघत होते. शाळेचं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं.

इतिहास विभागाचे प्रमुख साठीला आलेले गृहस्थ होते. युद्धात ते नौदलात होते आणि अजूनही जहाजाच्या डेकवर असल्यासारखे पाय फाकवून चालत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या साडीकडे आणि तिच्यावरच्या कार्डिगनकडे बघितलं आणि विचारलं, "मुलींना तुमचे उच्चार समजतील का?"

"मुलाखतीत सगळ्यांना समजले होते," मी म्हटलं.

तिथून आमचं बिनसलं ते बिनसलंच.

तिसऱ्या वर्षाच्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुली माझ्याकडे आल्या. त्या टर्मचा विषय होता जगाचे शोधक. वर्गाच्या भिंतीवर मोठा नकाशा होता आणि प्रमुखांनी स्वतःच्या हातांनी त्यावर टाचण्या टोचून लोकरीचे रंगीत धागे ताणले होते. प्रत्येक धागा युरोपातून निघे आणि कुठल्या तरी काळ्यासावळ्या किनाऱ्यावर संपे. तांबडा धागा आमच्या मलबारात संपत होता. पुस्तकात त्या पोर्तुगीज कप्तानावर अडीच पानं होती. त्याचं धैर्य, त्याची दाढी, वादळं, आणि शेवटी 'त्याने भारताचा सागरी मार्ग शोधून काढला'.

मी पुस्तक मिटलं आणि मुलींना उरलेलं सांगितलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला एक वाटाड्या मिळाला. कुणी म्हणतं तो गुजराती होता, कुणी म्हणतं अरब. त्याला वारे माहीत होते, तारे माहीत होते. त्याने तीन-साडेतीन आठवड्यांत ती जहाजं सरळ कालिकतला नेऊन लावली. तिथल्या बंदरात आधीपासूनच देशोदेशीच्या गलबतांची दाटी होती. मग कप्तानाने राजासाठी भेटी काढल्या: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, सहा हॅट, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, थोडी साखर, तेल आणि मध. राजाचे अधिकारी ते बघून हसायलाच लागले.

मुलीही हसल्या. "हात धुवायची भांडी!" म्हणून एक तर बाकावर लवंडली. पुढच्या रांगेत एक मुलगी बसायची. खाणकामगाराची लेक, बोटांना कायम शाई. ती हसली नाही. तिने हात वर केला.

"मग मिस, त्याने शोधलं काय?"

"हेच मी तुम्हाला विचारते आहे," मी म्हटलं. ती खाली मान घालून लिहायला लागली. शिक्षिकेला असा क्षण वर्षातून एकदा मिळाला तरी पुष्कळ.

हसण्याचा आवाज बाहेर गेला होता. तास संपल्यावर प्रमुख कॉरिडॉरमध्ये उभे होते.

"किनाऱ्यावर कोण उभं होतं हा धड्याचा विषय नाही," ते म्हणाले. "इतक्या लांब कोण गेलं, हा आहे."

"किनाऱ्यावर माझे लोक उभे होते."

"म्हणूनच तुम्हाला हा धडा द्यायला नको होता." ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "यापुढे पुस्तकात आहे तेवढं शिकवा."

घरी येऊन मी भांडी आपटली. यजमान म्हणाले, "अगं, तीन महिन्यांची नोकरी. शिकव की त्यांना हवं ते. मी वॉर्डात रोज काय काय ऐकून घेतो!"

"तुम्ही ऐका. मला जमणार नाही."

आणि मला जमलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर मी शिकवत नव्हते, भांडत होते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, नाईल नदीचं मूळ, जो जो शोधक पुस्तकात येई त्याला मी वर्गात उभा करून सोलून काढी. या माणसांनी फुटक्या लाकडांवर बसून खरोखरच कुणी न ओलांडलेलं पाणी ओलांडलं होतं, अर्धेअधिक खलाशी हिरड्या सडून मेले होते, हे मला माहीत होतं. ते मी एका वाक्यात उरकत असे. दाराच्या काचेतून प्रमुख बघताना दिसले की माझा आवाज मुद्दाम चढे. स्टाफरूममध्ये मी गेले की त्यांच्या भोवतालचं बोलणं थांबायचं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची. मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. उलट, तेवढीच धार चढायची.

वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका ते काढणार होते. आठवडाभर आधी ऑफिसात टाइप झालेली प्रत माझ्या हाती आली. पंचवीस गुणांचा प्रश्न होता: 'भारताच्या सागरी मार्गाचा शोध ही मोठी कामगिरी का ठरते?' हा प्रश्न माझ्यासाठीच काढला आहे, हे मला लगेच कळलं. मुलींना एवढंच सांगता आलं असतं की पुस्तकातली अडीच पानं नीट करा. प्रश्न न फोडता सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांनी काय लिहावं असं मला वाटत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते त्यांनी प्रमुखांच्या तोंडावर लिहावं, असंही वाटत होतं.

बऱ्याच मुलींनी शहाणपणाने पुस्तकातलं लिहिलं. त्या शाईच्या बोटांच्या मुलीने चार पानं वाटाड्यावर लिहिली. त्याला वारे कसे कळत, त्याचं नावही आपल्याला धड का ठाऊक नाही, आणि वाट आधीच कुणाला माहीत असेल तर 'शोध' हा शब्द कुणाच्या बाजूने वापरायचा. मी आजवर वाचलेल्या पेपरांमध्ये तो सगळ्यात चांगला होता. पण तपासले प्रमुखांनी. पंचवीसपैकी चार. समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'प्रश्नाला सोडून'.

त्या परीक्षेवरून पुढच्या वर्षी ओ लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या शालांत परीक्षेच्या, वर्गात कोण जाणार हे ठरायचं. मी पेपर घेऊन हेडमिस्ट्रेसकडे गेले. प्रमुखांनाही बोलावलं गेलं.

"तिने यात काही खोटं लिहिलंय का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मी ते विचारलं नव्हतं."

"तुम्ही माझ्यावरचा राग तिच्यावर काढलात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आणि तुम्ही माझ्यावरचा राग तिच्या हातून काढून घेतलात. निदान मी माझा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला."

हेडमिस्ट्रेसनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गुण तसेच राहतील म्हणाल्या; म्हणजे तिला तो वर्ग मिळणार नव्हता. टर्म संपली तशी माझी नोकरीही संपली. मला निरोपाचा चहा वगैरे काही झाला नाही.

शेवटच्या दिवशी ती मुलगी गेटपाशी भेटली. मी तिला म्हटलं, तुझा पेपर फार चांगला होता.

"तुम्हाला माहीत होतं त्यांना काय हवंय ते," ती म्हणाली. "सांगायला काय झालं होतं?"

मी काहीतरी सत्याबद्दल बोलले. ती ऐकायला थांबली नाही.

पुढे आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. तिथे मला कायमची नोकरी मिळाली आणि मी बरी शिकवत असे. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. त्याने लाल शाईने मला खोडलं नव्हतं, एका पोरीची चार पानं खोडली होती. पण त्याचं शेवटचं वाक्य मला खोडूनही काढता आलेलं नाही.

सात-आठ वर्षांनी जुन्या शेजाऱ्यांकडे नॉटिंगहॅमला गेले होते, तेव्हा बस स्टेशनवर ती दिसली. होजिअरीच्या कारखान्यात कामाला होती. मीच ओळख दिली. संध्याकाळच्या क्लासला जाऊन तिने ओ लेव्हलचा इतिहास दिला होता.

"पास झालीस?"

"पहिल्या फटक्यात. पुस्तकातलं लिहिलं." मग म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हं, मिस."

तिची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मी समोर उभी असताना पर्समधून मासिक काढून वाचायला लागली.